कागद सगळे आहेत, पण नावे चार आहेत : बडोद्याहून ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाची कागदपत्रे जुळवताना

बडोद्यातील मराठी घरांमध्ये एक अडचण मी गेल्या काही वर्षांत पुन्हापुन्हा पाहिली आहे, आणि ती आमच्या स्वतःच्या घरातही आली, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे. मुलाला किंवा मुलीला ब्रिटनमध्ये नोकरी मिळते, तिथल्या कंपनीकडून 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप'चा, म्हणजे कंपनी या माणसाला नोकरीवर बोलावत असल्याच्या ऑनलाइन नोंदीचा, क्रमांक येतो, जिला सगळे 'सीओएस' म्हणतात, आणि कपाटातली कागदपत्रांची फाईल बाहेर निघते. एकही कागद हरवलेला नसतो. तरीही अर्ज अडतो, कारण पासपोर्टावर एक नाव असते, पदवीवर त्याच शब्दांचा क्रम वेगळा असतो, पत्नीच्या कागदांवर माहेरचे नाव असते आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईच्या नावाला 'बेन' लागलेले असते. हे कागद वाचणाऱ्या अधिकाऱ्याला दांडिया बाजारातील किंवा रावपुऱ्यातील घरांची रीत ठाऊक नसते. ही वेगवेगळी नावे त्याच माणसांची आणि एकाच कुटुंबाची आहेत, हे त्याला त्या कागदांवरूनच कळले पाहिजे.

मी अनेक वर्षे हिशेबतपासणीच्या कामात होतो, त्यामुळे दोन कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर पडताळण्याची सवय अंगवळणी पडली आहे. मुलाच्या अर्जाच्या वेळी ती कामी आली, आणि त्यानंतर ओळखीतील काही कुटुंबांची कागदपत्रे पाहतानाही तेच दोष त्याच ठिकाणी सापडले. म्हणून ही अडचण एखाद्या घराच्या निष्काळजीपणाची नसून आपल्या कागदांच्या जडणघडणीतलीच आहे, असे माझे मत झाले आहे.

सुरुवातीलाच एक सूचना. स्किल्ड वर्कर व्हिसा, म्हणजे ब्रिटनमध्ये नोकरीसाठी जाणाऱ्यांचा व्हिसा, १ डिसेंबर २०२० पासून जुन्या 'टियर २ जनरल' व्हिसाच्या जागी आला आणि त्यानंतर त्याचे नियम अनेकदा बदलले आहेत. सर्वसाधारण किमान वार्षिक पगाराची अट एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० पौंड झाली आणि २२ जुलै २०२५ पासून ती ४१,७०० पौंड आहे. इंग्रजीची पातळी पूर्वी भाषाज्ञानाच्या युरोपीय मोजपट्टीवर बी-१ होती, ती ८ जानेवारी २०२६ पासून नव्या अर्जदारांसाठी बी-२ झाली आहे. त्यामुळे चार वर्षांपूर्वी गेलेल्या भाच्याची किंवा शेजाऱ्याची यादी जशीच्या तशी वापरणे धोक्याचे आहे. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरील नियम अर्जाच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचून घ्यावेत.

नावे वेगळी का पडतात

पहिले कारण शब्दांच्या क्रमाचे आहे. आपण मराठी माणसे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहितो. गुजरातमधील शाळांच्या रजिस्टरात मात्र आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असा क्रम असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून तोच क्रम बोर्डाच्या गुणपत्रिकेवर जातो आणि तिथून पदवीवर. ब्रिटनमधील माणूस शेवटच्या शब्दाला आडनाव समजतो, म्हणून वडिलांचे नाव कुटुंबाचे नाव होऊन बसते. आमच्या घरी नेमके हेच झाले. मुलाने नोकरीच्या वेळी कंपनीला पदवीची प्रत आधी पाठवली होती आणि पासपोर्टाची प्रत नंतर; कंपनीतील संबंधितांनी सीओएस भरताना पदवीवरचा क्रम घेतला, आणि माझे नाव मुलाचे आडनाव म्हणून नोंदले गेले.

दुसरे कारण नावाला लागणाऱ्या शेपटाचे आहे. बडोद्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांत 'राव' आणि 'बाई' आपल्याकडचे, तर 'भाई' आणि 'बेन' शेजारधर्माने आलेले. बोलताना त्यात आपुलकी आहे. पण दवाखान्यातील कारकुनाने प्रसूतीच्या कागदावर आईचे नाव 'बेन' लावून लिहिले, की ते पालिकेच्या जन्मनोंदवहीत जाते आणि तिथून मुलाच्या जन्मदाखल्यावर कायमचे राहते. वडिलांच्या नावाला एका कागदावर 'राव', दुसऱ्यावर 'भाई' आणि तिसऱ्यावर काहीच नाही, अशी उदाहरणे मी एकाच फाईलमध्ये पाहिली आहेत.

तिसरे कारण बारीक आहे, पण त्रास मोठा देते. गुजरातीतील 'व' इंग्रजीत लिहिताना येथील कारकून बहुधा 'व्ही' वापरतात, तर पवार, वाघ, वाघमारे अशा आडनावांत मराठी कुटुंबे 'डब्ल्यू' वापरतात. दाखला गुजराती लिपीत असेपर्यंत हा फरक दिसत नाही. तो इंग्रजीत उतरला की आडनाव बदलल्यासारखे दिसते. भोसले आणि भोंसले यांचेही तसेच. गायकवाड या आडनावाची इंग्रजी अक्षरे तर या शहरात राजघराण्याच्या काळापासून दोन-तीन प्रकारे लिहिली गेली आहेत, आणि त्यांतले कोणतेही चुकीचे म्हणता येत नाही. पण व्हिसाच्या अर्जात त्यांतले एकच चालवावे लागते.

चौथे कारण लग्नाचे. सुनेचे आडनाव आणि मधले नाव बदलते, आणि ज्या घरांत लग्नात ताटातील तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिण्याची रीत अजून पाळली जाते, तिथे पहिले नावही बदलते. मग तिची पदवी एका नावाची, बँकेचे खाते दुसऱ्या नावाचे आणि मुलाच्या दाखल्यावर तिसरेच नाव, अशी स्थिती होते.

आधी ठरवावे, कोणता कागद जाणार आहे

येथे बहुतेक कुटुंबे एक चूक करतात. घरात असलेला प्रत्येक कागद अर्जासोबत जोडला तर बाजू भक्कम होईल, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात मुख्य अर्जदाराकडून मागितले जाणारे कागद थोडे असतात. पासपोर्ट, सीओएसचा क्रमांक आणि त्यावरील तपशील, इंग्रजीचा पुरावा, पैशाचा पुरावा लागत असेल तर तो, आणि भारतातून सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्यांना क्षयरोग तपासणीचा दाखला, एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते. शिक्षण, आरोग्य, उपचार किंवा समाजसेवा या क्षेत्रांतील काही नोकऱ्यांसाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो. तो भारतापुरता पासपोर्ट सेवेमार्फत मिळतो, आणि मागील दहा वर्षांत ज्या इतर देशात बारा महिने किंवा अधिक वास्तव्य झाले असेल तेथूनही आणावा लागतो. काही संशोधन क्षेत्रांतील नोकऱ्यांसाठी 'अटास' हे ब्रिटिश सरकारचे सुरक्षेसंबंधीचे वेगळे प्रमाणपत्र लागते. पती किंवा पत्नी सोबत जात असल्यास विवाहाचा पुरावा आणि मुले सोबत असल्यास आईवडील दोघांची नावे असलेला जन्मदाखला.

मुख्य अर्जदाराचा स्वतःचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, रेशन कार्ड यांची या व्हिसासाठी मागणी नाही. ते जोडल्याने अधिकाऱ्यापुढे नावाचे आणखी तीन प्रकार येतात आणि ज्या प्रश्नाचे कारण नव्हते तो प्रश्न उभा राहतो. म्हणून एका कोऱ्या कागदावर फक्त 'जाणारे' कागद उतरवावेत, प्रत्येकासमोर त्यावर छापलेले नाव अक्षरशः जसे आहे तसे लिहावे, जन्मतारीख लिहावी, आणि पासपोर्टाशी न जुळणाऱ्या प्रत्येक ठिकाणी लाल खूण करावी. मुलाच्या अर्जाच्या वेळी आमच्या फाईलमध्ये एकवीस कागद होते. त्यांतले जाणारे नऊ निघाले आणि लाल खुणा फक्त तीन ठिकाणी राहिल्या. घरातील सगळ्यांच्या जिवावरचे ओझे त्या एका संध्याकाळी अर्ध्याने उतरले.

सुधारणा पासपोर्टापासून सुरू करावी

पुढचे जवळजवळ सगळे कागद पासपोर्टावर उभे असतात. इंग्रजीच्या परीक्षेला ओळख म्हणून पासपोर्ट लागतो आणि निकालावर त्यातले नाव येते. क्षयरोग तपासणीच्या दाखल्यावर पासपोर्टाचा क्रमांक येतो. सीओएसमध्येही पासपोर्टाचा तपशील असतो. त्यामुळे आधी परीक्षा आणि तपासणी उरकून मग पासपोर्टातील नाव दुरुस्त करायला घेतले, तर झालेले काम पुन्हा करण्याची वेळ येते. मी पाहिलेल्या एका कुटुंबात सुनेने माहेरच्या नावाच्या पासपोर्टावर इंग्रजीची परीक्षा दिली, त्यानंतर सासरच्या नावाचा पासपोर्ट काढला, आणि मग दोन्ही नावे जोडणारा पुरावा देण्यासाठी तिला विवाहनोंदणीच्या दाखल्याची वाट पाहावी लागली.

येथे माझा सल्ला अनेकांना पटत नाही, तरी तो देतो. पासपोर्टाची मुदत पुरेशी असेल आणि त्यावर माहेरचे नाव असेल, तर केवळ व्हिसासाठी ते बदलण्याची घाई करू नये. माहेरच्या नावाने व्हिसा मिळण्यास कोणतीही आडकाठी नाही. विवाहाचा दाखला दोघांचे नाते सिद्ध करतो. नाव बदलायचेच असेल तर ते अर्जाच्या कित्येक महिने आधी बदलावे, किंवा मग तिकडे स्थिरावल्यानंतर. मधल्या काळात बदललेले नाव सर्वांत जास्त त्रास देते.

मात्र पासपोर्टातच चूक असेल, म्हणजे आडनावाच्या रकान्यात वडिलांचे नाव गेले असेल किंवा जन्मतारीख चुकली असेल, तर ती आधी दुरुस्त केल्यावाचून पुढे जाऊ नये. बडोद्यातच पासपोर्ट सेवा केंद्र असल्याने एवढ्यासाठी अहमदाबादची फेरी सहसा पडत नाही.

सीओएसवरील चूक आपल्याला दुरुस्त करता येत नाही. ती कंपनीलाच करावी लागते. किरकोळ चूक असल्यास कंपनी ब्रिटिश सरकारच्या ऑनलाइन यंत्रणेतील आपल्या खात्यातून त्या सीओएसला टीप जोडू शकते, जिला 'स्पॉन्सर नोट' म्हणतात. आमच्या मुलाचे आडनाव असेच दुरुस्त झाले, पण त्यासाठी त्याला पासपोर्टाच्या तपशिलाच्या पानाची स्पष्ट प्रत, सीओएसवर काय लिहिले आहे आणि त्याऐवजी काय हवे, हे दोन ओळींत मांडणारे पत्र पाठवावे लागले. 'माझ्या नावात चूक आहे' एवढेच कळवल्यावर उत्तर आले नव्हते. सीओएसचा तपशील हाती येताच, त्याच दिवशी, नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख हे सहा रकाने पासपोर्टाशी आणि नेमणूकपत्राशी ताडून पाहावेत. कंपनीला नोकरीच्या पहिल्या टप्प्यातच पदवीऐवजी पासपोर्टाची प्रत पाठवली, तर हा सगळा भाग टळतो.

मुलांचा जन्मदाखला

सर्वांत जास्त वेळ येथेच जातो, म्हणून सीओएस येण्याची वाट न पाहता हे काम आधी हाती घ्यावे. जन्ममृत्यूची नोंद १९६९ च्या केंद्रीय कायद्यानुसार होते आणि बडोदे शहरात ते काम महानगरपालिकेकडे आहे, जिचे मुख्य कार्यालय खंडेराव मार्केटच्या इमारतीत आहे. दोष साधारण तीन प्रकारचे आढळतात.

दाखल्यावर मुलाचे नावच नसते, हा पहिला. जन्माची नोंद दवाखान्यातून वेळेवर झालेली असते, पण बारसे नंतर झाले आणि नाव कळवायचे राहून गेले. कायद्याच्या १४ व्या कलमानुसार नाव नंतर नोंदवता येते. नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत ते विनाशुल्क होते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून होते. हे काम त्या मानाने सोपे आहे.

दुसरा दोष आईवडिलांच्या नावाचा. आमच्या नातीच्या दाखल्यावर तिच्या आईचे नाव माहेरच्या आडनावाने, शिवाय 'बेन' लावून आले होते, कारण सून बाळंतपणासाठी नाव नोंदवायला गेली तेव्हा तिच्याजवळ लग्नापूर्वीचे ओळखपत्र होते. १५ व्या कलमाखाली निबंधक चूक सुधारू शकतात, पण मूळ नोंद खोडली जात नाही. समासात सुधारणा लिहून तिच्यावर तारखेसह सही होते. सुधारित दाखल्यावर तसा शेरा दिसला तर घाबरू नये. तो शेरा खाडाखोड नसून नोंद कायदेशीर रीतीने सुधारल्याची खूण आहे, आणि भाषांतरातही तो जसाच्या तसा उतरला पाहिजे.

या ठिकाणी एक विवेक मात्र ठेवावा. प्रत्येक फरक दुरुस्तच केला पाहिजे असे नाही. आईचे माहेरचे नाव दाखल्यावर आहे, तेच विवाहाच्या दाखल्यावर वधूचे नाव म्हणून आहे आणि सासरचे नाव पासपोर्टावर आहे, तर विवाहाचा दाखला हाच पूल ठरतो आणि जन्मदाखल्याला हात लावण्याची गरज उरत नाही. आमच्याकडे पहिल्या नावाचे स्पेलिंगही चुकले होते म्हणून आम्ही दुरुस्ती करून घेतली. केवळ आडनावाचा प्रश्न असता तर केली नसती.

तिसरा दोष दाखल्याच्या वयाचा. जुना दाखला हाताने लिहिलेला, फक्त गुजरातीत असतो. त्याच नोंदीवरून गुजराती आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतील नव्या नमुन्याची प्रत मागावी, पण ती हातात घेण्यापूर्वी इंग्रजी अक्षरे पासपोर्टासमोर धरून वाचावीत. 'डब्ल्यू' आणि 'व्ही'चा घोटाळा नेमका येथे शिरतो, आणि खिडकीवर उभे असतानाच सांगितलेली चूक नंतर अर्ज करून सांगितलेल्या चुकीपेक्षा लवकर सुधारते.

विवाहाचा दाखला नसेल, तर लग्नपत्रिका आणि छायाचित्रे यांच्या भरवशावर राहू नये. गुजरातमध्ये विवाहनोंदणीचा स्वतंत्र कायदा २००६ पासून आहे, आणि लग्नाला दहा वर्षे झाली असली तरी नोंदणी करून घेणे हाच मार्ग आहे. नोंदणीच्या अर्जात वधूचे लग्नापूर्वीचे पूर्ण नाव आवर्जून आणि अचूक लिहावे. पुढे हाच दाखला तिच्या दोन नावांना जोडणार असतो.

भाषांतर

इंग्रजी किंवा वेल्श भाषेत नसलेल्या प्रत्येक कागदासोबत पूर्ण भाषांतर लागते, आणि त्यावर चार गोष्टी असाव्या लागतात: हे मूळ कागदाचे अचूक भाषांतर आहे असे भाषांतरकाराचे विधान, भाषांतराची तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव व सही, आणि त्याच्याशी संपर्क साधण्याचा तपशील. आपल्याकडे लोक नोटरीचा शिक्का, स्टॅम्पपेपर आणि वर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारी सरकारी साक्ष, यांवर बराच पैसा खर्च करतात. या व्हिसाच्या कागदांसाठी अपोस्टिलची मागणी नाही, आणि नोटरीचा शिक्का असूनही वरीलपैकी एखादी गोष्ट राहिली तर भाषांतर अपुरेच ठरते. भाषांतर घरच्या माणसाने किंवा अर्जदाराने स्वतः करू नये.

नावांच्या बाबतीत भाषांतरकाराशी आधी बोलून घ्यावे. गुजराती किंवा मराठी लिपीतील आडनाव इंग्रजीत उतरवताना पासपोर्टातील स्पेलिंग वापरावे, अशी विनंती करणे पूर्णपणे रास्त आहे, कारण मूळ लिपीत 'डब्ल्यू' की 'व्ही' हा भेदच नाही आणि दोन्ही अक्षरे त्याच उच्चारासाठी आहेत. परंतु मूळ दाखल्यावर 'बेन' असेल तर ते गाळण्यास सांगू नये. जे लिहिलेले आहे ते भाषांतरात आलेच पाहिजे. मूळ आणि भाषांतर यांत फरक सापडला, तर 'बेन'मुळे उद्भवली नसती एवढी मोठी शंका निर्माण होते. सून महाराष्ट्रातली असेल तर तिचे दाखले मराठीत असतात आणि मुलांचे गुजरातीत. अशा वेळी दोन्ही भाषा जाणणारा एकच भाषांतरकार शोधावा, म्हणजे एकाच व्यक्तीचे नाव सर्वत्र एकाच प्रकारे उतरते. बडोद्यात असा माणूस मिळणे कठीण नाही, हे या शहराचे भाग्यच म्हणायचे.

फरक उरले असतील तर इंग्रजीत एक पानी खुलासा जोडावा: पासपोर्टातील नाव, इतर कागदांवरील रूपे, प्रत्येक रूप कोणत्या कागदावर आहे आणि फरकाचे कारण. अर्जात 'आपण कधी अन्य नावाने ओळखले गेला आहात काय' असा प्रश्न असतो. तिथे माहेरचे नाव आणि पूर्वीची नावे प्रामाणिकपणे लिहावीत. अनेक जण तिथे 'नाही' लिहितात आणि मग जोडलेल्या कागदांवरच दुसरे नाव निघते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधाराला जोडता येते, पण मूळ दाखला सुधारणे शक्य असताना केवळ प्रतिज्ञापत्रावर विसंबू नये.

इंग्रजी आणि पैसा

इंग्रजीसाठी दोन मार्ग बडोद्यातील मुलांना जवळचे आहेत. मान्यताप्राप्त परीक्षा दिली तर तिचा निकाल दोन वर्षे चालतो. इंग्रजी माध्यमातून पदवी झाली असेल, जसे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अनेक पदवीधरांचे असते, तर 'एक्टिस' या ब्रिटिश संस्थेकडून ती पदवी आणि तिचे माध्यम यांची खातरजमा करून घेता येते. हा मार्ग घेणाऱ्यांनी पदवीवरील नावाचा क्रम आणि पासपोर्टातील क्रम यांतील फरकाचा खुलासा तिथेच, अर्ज करतानाच द्यावा; व्हिसाच्या वेळेपर्यंत थांबू नये.

पैशाच्या बाबतीत पहिला प्रश्न कंपनीला विचारावा. पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी तिने सीओएसवर दिली असेल तर अर्जदाराला बँकेचे स्टेटमेंट लागत नाही. हमी नसेल तर अर्जदारासाठी १,२७० पौंड, पती किंवा पत्नीसाठी २८५, पहिल्या मुलासाठी ३१५ आणि पुढील प्रत्येक मुलासाठी २०० पौंड, एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आणि तो अठ्ठाविसावा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. कंपनीची हमी कुटुंबालाही लागू आहे का, हे स्वतंत्रपणे पाहून घ्यावे.

बडोद्यात या अटीवर तीन ठिकाणी ठेच लागते. रक्कम वडिलांच्या खात्यात असते; विद्यार्थ्याच्या व्हिसाला ते चालते म्हणून येथेही चालेल असे लोक धरून चालतात, पण येथे खाते अर्जदाराच्या नावावर किंवा सोबत जाणाऱ्या जोडीदाराच्या नावावर असावे लागते. वडिलांसोबतच्या जोडखात्यात अर्जदाराचे नाव असले तरी चालते, म्हणून एवढ्यासाठी वडिलांशी वाद घालण्याचे कारण नाही. जोडखाते नसेल तर पैसा वेळीच मुलाच्या खात्यात वळवावा. दुसरे, रक्कम अगदी बेताची ठेवतात आणि मधेच गृहकर्जाचा हप्ता आपोआप वळता होतो. सत्तावीस दिवस रक्कम पूर्ण होती आणि एक दिवस कमी पडली, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. रुपयांचे पौंडांत रूपांतर अर्जाच्या दिवसाच्या दराने होते, हे लक्षात घेऊन वर पुरेशी भर ठेवावी. तिसरे, पिढ्यांच्या ओळखीच्या छोट्या पतसंस्थेत ठेव असते. जी संस्था योग्य नियामकाच्या देखरेखीखाली नाही, जिचे व्यवहार संगणकावर नाहीत किंवा जिच्याकडून खातरजमा करता येत नाही, तिथला पैसा धरला जात नाही. त्यामुळे २८ दिवस सुरू होण्याआधीच रक्कम मोठ्या बँकेत हलवावी. शेअर मात्र पुरावा म्हणून चालत नाहीत, त्यांची किंमत कितीही असो.

तारखांचा मेळ

प्रत्येक कागदाचे आयुष्य वेगळे आहे. क्षयरोग तपासणीचा दाखला सहा महिने चालतो आणि तो ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्राचाच लागतो. गावातील नामांकित डॉक्टरांचा क्ष-किरण अहवाल चालत नाही. सीओएस मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि रुजू होण्याच्या तारखेच्या तीन महिने आधीपासूनच तो करता येतो. बँकेची मुदत वर सांगितलीच आहे. म्हणून ज्या कागदाची मुदत लवकर संपत नाही पण त्याला वेळ लागतो, तो आधी घ्यावा: विवाहनोंदणी, जन्मदाखल्याची दुरुस्ती, पासपोर्ट. ज्याची मुदत थोडी आहे तो नंतर: इंग्रजी, मग तपासणी, आणि सर्वांत शेवटी २८ दिवसांचे स्टेटमेंट. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो, कारण बँक कोपऱ्यावर असते आणि पालिकेत खेपा घालाव्या लागतात.

या खेपांना कंटाळून काही जण 'आतून' दाखला बदलून देणाऱ्याकडे वळतात, किंवा जुन्या तारखेचा कागद करून घेतात. हे कळकळीने सांगतो, की असे करू नये. खोटा कागद दिल्याचे ठरले तर अर्ज नाकारला जातो आणि पुढील दहा वर्षांपर्यंतचे अर्जही नाकारले जाऊ शकतात. 'बेन' लागलेला खरा दाखला आणि सोबत एक पानी खुलासा, हा त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित मार्ग आहे.

ऑनलाइन अर्ज भरल्यावर बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी केंद्रावर जावे लागते. आमच्या घरच्यांनी त्यासाठी अहमदाबाद गाठले. कागदांच्या प्रती त्या भेटीआधीच अपलोड करता येतात, आणि तो अवधी शेवटच्या पडताळणीसाठी वापरावा. प्रत्येक प्रत उघडून पाहावी, दाखल्याची मागची बाजू आणि समासातील शेरा स्पष्ट वाचता येतो का ते पाहावे, मूळ कागद आणि त्याचे भाषांतर एकाच फाईलमध्ये ठेवावे, आणि फाईलच्या नावात कागद कोणाचा व कशाचा हे इंग्रजीत लिहावे. आम्ही निघण्याच्या आदल्या रात्री ही पडताळणी केली, तेव्हा नातीच्या सुधारित दाखल्याऐवजी जुन्या दाखल्याचीच प्रत चढवलेली सापडली. दोन्हींचा रंग आणि नमुना सारखा होता. जुनी प्रत काढून नवी चढवायला दहा मिनिटे लागली, आणि जुना दाखला आम्ही त्याच रात्री वेगळ्या पाकिटात घालून कपाटात ठेवला.